शु-फेनचा काळा साबुदाणा

शनिवारी संध्याकाळी शेजारची शु-फेन काळ्या साबुदाण्याच्या तीन मोठ्या पिशव्या छातीशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा बेबीताई दुसऱ्या दिवशीच्या एकादशीसाठी दाणे भाजत होत्या. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या त्या घराला धूर शोधणारं यंत्र होतं आणि त्याला भाजलेल्या दाण्यांचं वावडं होतं. त्यामुळे बेबीताई एका हाताने दाणे हलवत होत्या आणि दुसऱ्या हाताने टॉवेलने छताला वारा घालत होत्या.

"बेबी," शु-फेन म्हणाली, "यू ईट?"

अडुसष्ट वर्षांच्या बाईला कुणी बेबी म्हणून हाक मारली तर चिंचवडला हसं झालं असतं. इथे बेबीताईंना तेच गोड लागे. मुलाकडे, देवव्रतकडे, येऊन त्यांना तीन महिने झाले होते. गल्लीतले लोक भले होते, पण भेटले की वाऱ्याबद्दल बोलत. काल फार वारा होता, आज कमी आहे, उद्या पुन्हा सुटेल. वारा सोडून माणसाची चौकशी करणारी एकच बाई निघाली, ती कुंपणापलीकडची शु-फेन. तैवानमधल्या ताइनान गावची. पहिल्याच दिवशी तिने कुंपणावरून विचारलं, 'यू ईट?' आणि बेबीताईंनी मनात म्हटलं, सापडलं एकदाचं आपलं माणूस. तेव्हापासून दोघींची रोज तासभर गप्पांची बैठक असे. शु-फेनला मराठी येत नव्हती, बेबीताईंना चिनी येत नव्हती, आणि दोघींचं इंग्रजी मिळून एका माणसाला पुरलं नसतं. तरी विषय अडत नसे, कारण विषय एकच होता, खाणं.

शु-फेन आपल्या गावी चहाचं दुकान चालवायची. इथे मात्र पंधरा वर्षं तिने वृद्धाश्रमातल्या चादरी धुतल्या. आता कुठे तिला रविवारच्या बाजारात तंबू लावायला परवानगी मिळाली होती, तीही एका रविवारपुरती. गिऱ्हाईक आलं तर जागा कायमची. नाही आलं तर ती जागा मेणबत्त्या विकणाऱ्या एका बाईला जाणार होती. शु-फेन विकणार होती तो दुधाचा गार चहा, ज्याच्या तळाशी मऊ काळे मोती असतात आणि जो जाड नळीने ओढून प्यायचा असतो. हे मोती म्हणजे साबुदाणाच, असा निकाल बेबीताईंनी पूर्वीच दिला होता. "कंदाच्या पिठाचाच केलेला आहे ना? मग साबुदाणाच. रंगाने सावळा असला म्हणून काय झालं?"

शु-फेनच्या चुलीवर चहाची पातेली चढणार होती, म्हणून मोती शिजवायचं काम बेबीताईंकडे आलं होतं. शु-फेनने बोटांवर मोजत सूचना दिल्या. "मॉर्निंग. बिग वॉटर. बॉइल. फॉर्टी मिनिट. देन शुगर. नाइन ओक्लॉक, मार्केट."

"हो, हो. बॉइल."

"अँड बेबी, मस्ट क्यू." हे सांगताना तिचा चेहरा गंभीर झाला. तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून दोनतीनदा सोडली. "व्हेरी क्यू. नो क्यू, नोबडी बाय. फिनिश."

ती गेल्यावर बेबीताईंनी मुलाला विचारलं, "क्यू म्हणजे काय रे?"

"रांग. का गं?"

"शु-फेन म्हणते, रांग लागली पाहिजे, नाही तर संपलं सगळं. अशी बोटं दाबून दाखवत होती. खेटून उभे राहायला हवेत बहुतेक."

"बरोबर आहे," सून विनया म्हणाली. "बाजारवाले रांग बघूनच जागा देतात."

सगळं इतकं चपखल बसत होतं की शंकेला जागाच नव्हती. बेबीताईंनी फोन घेतला आणि हट खोऱ्यातल्या मराठी मंडळाला कामाला लावलं. उद्या एकादशी. बाजारात उपासाला चालणारा साबुदाण्याचा चहा मिळणार. सगळ्यांनी नऊला हजर व्हायचं, आणि घोळका करायचा नाही, रांगेत उभं राहायचं. पोरीरुआच्या अनुराधाबाईंनी शंका काढली की इथल्या नऊला भारताच्या घड्याळाप्रमाणे एकादशी उजाडलेलीही नसेल. बेबीताई म्हणाल्या, "उपास पोटाने करायचा असतो ना? पोट इथे आहे." अनुराधाबाईंनी नऊची वेळ लिहून घेतली.

राहता राहिला साबुदाणा. शु-फेनने सकाळी उकळ म्हणून सांगितलं होतं. भिजवण्याबद्दल ती काही बोलली नव्हती, पण यात बेबीताईंना काही विशेष वाटलं नाही. भात कर म्हटल्यावर तांदूळ धू असं कुणी वेगळं सांगतं का? तिकडे तैवानमध्ये हे मोती कुणी भिजवतच नाही, त्यामुळे भिजवू नकोस असं सांगायचं शु-फेनच्या स्वप्नातही आलं नसणार. इकडे बेबीताईंनी लग्नापासून अठ्ठेचाळीस वर्षांत न भिजवलेला साबुदाणा पाहिलेला नव्हता.

त्यांनी तिन्ही पिशव्या घमेल्यात ओतल्या आणि साबुदाणा धुतला. पाणी काळं निघालं. पुन्हा धुतला, पुन्हा काळंच. "कुठल्या गोदामात पडला होता कोण जाणे," असं म्हणत त्यांनी तो आणखी तीनदा चोळून धुतला. मग वर बोटभर पाणी ठेवलं, ताट झाकलं आणि समाधानाने झोपायला गेल्या.

पहाटे सहाला उठून त्यांनी ताट उचललं. घमेल्यात साबुदाणा नव्हता. घमेल्यात चिखल होता. तपकिरी, गुळगुळीत आणि सपाट. बेबीताईंनी हात घालून तळ चाचपला. तळाशीही चिखलच होता.

"देवू, ऊठ रे. साबुदाणा गेला."

"कुठे गेला?"

"इथेच आहे. पण गेला."

देवव्रत आणि विनया घमेल्याभोवती उभे राहिले. विनयाने फोनवर शोधलं आणि हळूच वाचून दाखवलं, "आई, हे मोती गार पाण्यात टाकले की विरघळतात. थेट उकळत्या पाण्यातच टाकायचे असतात."

"हे काल वाचायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही म्हणालात, साबुदाण्याचं मला कोण शिकवणार."

हे खरं असल्यामुळे बेबीताईंनी विषय बदलला. "दुसरा आणू या. कोपऱ्यावरच्या डेअरीत बघ."

"आई, डेअरीत दूध, पाव आणि लॉटरी मिळते. हे मोती वेलिंग्टनला मिळतील, आणि ते दुकान रविवारी अकराला उघडतं."

"मग तिला सांगून येऊ?"

"ती गेली. साडेपाचलाच गाडी भरून निघाली."

बेबीताई खुर्चीत बसल्या. त्यांना शु-फेनची बोटं आठवली, पंधरा वर्षं साबणाच्या पाण्यात राहून पांढरी पडलेली. "एवढ्या मोठ्या देशात मला जेवलीस का म्हणून विचारणारी एक बाई मिळाली," त्या म्हणाल्या, "आणि तिच्याच अन्नात मी माती कालवली." त्यांनी पदराने डोळे पुसले. देवव्रतने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाईट वाटत होतंच, शिवाय मंडळाच्या ग्रुपवर 'येतोय' असे बावीस निरोप आले होते, हे आईला आता सांगावं की नंतर, हाही प्रश्न होता.

डोळे पुसता पुसता बेबीताईंची बोटं एकमेकांवर घासली. बोटांना चिखल लागलेला होता. त्यांनी तो पुन्हा चोळून पाहिला. मग वास घेतला, मग चाटून पाहिला. मग त्या उभ्या राहिल्या.

"विनया, हा चिखल नाही गं. हा चीक आहे."

"म्हणजे?"

"कुरडयांचा चीक कसा असतो? तसा. शिजवला की घट्ट होईल. मोठी कढई काढ. देवू, गूळ किस. कालचा दाण्याचा कूट सगळा इकडे घे. खिचडी गेली खड्ड्यात."

पुढचे दोन तास त्या स्वयंपाकघरात युद्ध झालं. चीक सोपा नसतो. हात थांबला की गुठळी होते आणि हात थांबला नाही की हात राहत नाही. बेबीताईंचा दंड भरून आला की देवव्रत घोटायचा, तो दमला की विनया. हळूहळू चिखलाचा रंग पालटला, तो चकाकू लागला आणि कढई सोडून उलथन्याला लोंबू लागला. बेबीताईंनी तुपाचा हात लावून त्याचे लिंबाएवढे गोळे तोडले आणि कुटात घोळवले. विनयाने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'यात शेंगदाणे आहेत' असं इंग्रजीत लिहिलं, कारण या देशात माणसं शेंगदाण्याला जेवढी घाबरतात तेवढी भूकंपालाही घाबरत नाहीत.

"पण आई, याला म्हणायचं काय?"

"आधी तिचे पाय धरू दे. नाव नंतर ठेवू."

बाजारात शु-फेन वेगळ्याच संकटात होती. पावणेनऊपासून तिच्या रिकाम्या तंबूपुढे माणसं येऊन उभी राहत होती. एकामागे एक, खेटून, शिस्तीत. साड्यांवर पफर जॅकेटं, झब्ब्याखाली जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला. तिने एकालाही कधी पाहिलेलं नव्हतं. चाळीस माणसं तिच्याकडे बघून हसत होती आणि तिच्याकडे चहाशिवाय काही नव्हतं. बाजाराची व्यवस्थापक ब्रेंडा हातात पाटी घेऊन दोनदा येऊन गेली आणि दोनदा रांग मोजून गेली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बेबीताई दोन पातेली घेऊन आल्या. शु-फेनने धावत येऊन झाकण काढलं. आत मोती नव्हते. आत कुटात लोळलेले तपकिरी गोळे होते. तिने दुसऱ्या पातेल्याचं झाकण काढलं. त्यातही तेच होतं.

"बेबी," ती म्हणाली, "व्हॉट हॅपन?"

बेबीताईंनी वाटेत तीन इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. "अगं, चुकलं माझं," त्या मराठीत म्हणाल्या. "भिजत घातला मी. सवय गं, दुसरं काय." आणि त्यांनी एक गोळा उचलून तिच्यापुढे धरला.

शु-फेनने तो तोंडात टाकला. ती चावू लागली. बराच वेळ चावत राहिली. बेबीताईंना तो वेळ विमानप्रवासापेक्षा मोठा वाटला. मग शु-फेनचे डोळे भरून आले.

"क्यू," शु-फेन म्हणाली.

"हो, आहे की," बेबीताई घाईघाईने मागे बोट दाखवत म्हणाल्या. "चाळीस माणसं आहेत. आणखी दहा लोअर हटवरून निघालीत."

"नो, नो. धिस. क्यू." तिने पुन्हा तशीच बोटं दाबून सोडली आणि गोळ्याकडे दाखवलं. "माय मदर मेक. न्यू इयर. पीनट. सेम सेम." तिने आईच्या त्या पदार्थाचं नावही सांगितलं, मोआची. बेबीताईंना तिच्या बोलण्यातलं 'मदर' तेवढं नीट कळलं आणि ते पुरेसं होतं. त्यांनी तिचा हात धरला. मागून अनुराधाबाई ओरडल्या, "अहो, हात नंतर धरा, आम्ही उपाशी आहोत."

साडेदहापर्यंत सगळे गोळे संपले, चहा संपला, आणि मंडळींनी कप घासून परत देऊ का म्हणून विचारलं. रांग पाहून गोऱ्या लोकांनाही राहवलं नाही. तेही मागे येऊन उभे राहिले आणि काय मिळतंय ते नंतर विचारू लागले. ब्रेंडाने एक गोळा खाल्ला, दुसरा मागितला आणि पाटीवर खूण केली. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास. बेबीताई ती पुढे काय म्हणते याची वाट बघत थांबल्या. कशासारखं गोड, हे काही तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण जागा मात्र दिली, कायमची, दर रविवारची.

घरी येईपर्यंत विनयाने क्यूचा उलगडा करून घेतला होता. तैवानमध्ये चावताना दाताखाली जे मऊ लवचिक लागतं, त्याला क्यू म्हणतात. रांगेशी त्याचा काही संबंध नाही. एकाच दिवशी साबुदाणा आणि इंग्रजी दोन्हीत चुकणं बेबीताईंच्या वयाला जड होतं. पण त्या खचणाऱ्यातल्या नव्हत्या. आठवडाभर त्यांनी फोनवर चित्रफिती पाहिल्या आणि वहीत टिपून घेतलं. शु-फेनचे मोती आता जगात कुणी शिजवले नसतील असे शिजवून दाखवायचे, असा त्यांचा निश्चय होता.

पुढच्या शनिवारी शु-फेन पाच पिशव्या ठेवून गेली. या वेळी तिने एकच शब्द उच्चारला, "सेम." बेबीताई मनातल्या मनात हसल्या. रविवारी पहाटे त्यांनी पाणी खळखळून उकळलं, मोती थेट आत सोडले, चाळीस मिनिटं घड्याळ लावलं, साखरेत मुरवले. एकही फुटला नाही. काळेभोर, गोल, चमकदार. देवव्रतने फोटो काढला. त्याच्याही डोळ्यांत कौतुक होतं.

नऊ वाजता तंबूपुढे मोठी रांग होती. या वेळी तिच्यात मराठी माणूस एकच होता. बाकी सगळं अप्पर हट होतं, आणि सगळ्यांच्या पुढे ब्रेंडा आपल्या आईला घेऊन उभी होती. तंबूवर नवी पाटी होती. तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'बेबीज पीनट मड'. विनयाने सासूबाईंना अर्थ सांगितला. बेबीचा शेंगदाण्याचा चिखल.

बेबीताईंना तो ऐकून घ्यायला उशीर झाला होता. तोवर त्यांनी पातेलं टेबलावर ठेवून झाकण अभिमानाने काढलं होतं. शु-फेनने आत पाहिलं. मोत्यांकडे पाहिलं. मग रांगेकडे, मग पाटीकडे, आणि शेवटी बेबीताईंकडे.

"बेबी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "नो सोक?"

अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच बेबीताईंनी साबुदाणा भिजत घातला नव्हता.