पुस्तकातला कोंडीराम

मालनबाईच्या लेकीचं, मनालीचं लग्न झालं, त्याच वर्षी वस्तीतल्या पौर्णिमाची कादंबरी छापून आली. एका लेखिकेचं एका पुढाऱ्यावर प्रेम, आणि मध्ये निवडणूक. त्या लेखिकेला माथेरानला घोड्यावरून नेणारा कोंडीराम आणि त्याची बायको मालनबाई दोन-चार ठिकाणी येत. नावं वस्तीतल्याच खऱ्या नवरा-बायकोची होती. दोघांनीच हौसेनं घालायला लावली होती.

पावसाळ्यात, वर्षावासात विहारात रोज वाचन व्हायचं. धर्मग्रंथ संपला, तेव्हा पौर्णिमा स्वतःच कादंबरी वाचू लागली. कोंडीराम डोळे मिटून ऐकायचा. लाल माती, धुकं, टापांचा आवाज. घरी जेवतानाही तो त्या धुक्यातच असायचा.

एका संध्याकाळी पुस्तकातला कोंडीराम दरीत पडला. पुढाऱ्यानं कबूल केलेला कठडा बांधलाच नव्हता. पौर्णिमा थांबली. वस्तीतलं कुणी गेलं की सगळे उभे राहून शांतता पाळत, तसेच उठले. खांबाआड कोंडीरामही मान खाली घालून उभा राहिला.

दूध घालायला आलेल्या येसाजीनं दारातून हे पाहिलं. "कोन गेला रं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोंडीराम," कुणीतरी डोळे पुसत म्हणालं.

येसाजीनं लगेच साजगावला मालनबाईच्या भावाला फोन लावला. सकाळी टेंपो भरून पांढरे कपडे दारात उतरले. दार कोंडीरामनंच उघडलं.

"दाजी, तुमी हाय?" मेहुण्याच्या, रत्नदीपच्या हातातली फुलं खाली पडली.

"हाय. चहा घ्या."

"आमी कंपनीत खाडा करून आलो, दाजी!"

"मंग काय करू? मरू?"

चहा पिऊन टेंपो गेला, पण कोंडीरामच्या मनात धास्ती बसली. तो मालनबाईला घेऊन पौर्णिमाकडे गेला.

"पोरी, पुस्तक परत छापनार हायेस ना? मला वाचव गं. शेवटपातुर राह्यचंय मला त्यात."

"काका, तुमी गेलात म्हणून तर पुस्तकातली लेखिका पुढाऱ्याला सोडते. परत लिहायला बसते."

"पाय मोडल्यावर नाय सोडनार?"

पौर्णिमानं विचार केला. "बरं. पाय मोडते."

"आन माझं काय?" इतका वेळ गप्प असलेली मालनबाई म्हणाली. "हे जित्ते असेपातुर मी पुस्तकात येकदाच बोलते. 'चहा घेता का, बाई?' बास. हे गेल्यावर मी पुढाऱ्याच्या स्टेजसमोर उभी राहून चार पानं बोलते. सगळी सभा गप हुते."

"मालन, मी मेलोच पायजे का?"

"पुस्तकात वो. घरात कोन मरा म्हनतंय?"

कोंडीराम बायकोकडे बघत राहिला. ग्रामसभेत ती नेहमी मागच्या भिंतीला टेकून बसायची. तिला इतकं सलग बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"ती चार पानं वाच गं पोरी," तो म्हणाला.

पौर्णिमानं वाचली. मालनबाईचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. तिला सगळं पाठ होतं. बाहेर डोंगरावरून धुकं उतरत होतं.

"राहू दे," कोंडीराम उठत म्हणाला. "पाय नको मोडू."

दुसऱ्या आवृत्तीतही घोडेवाला कोंडीराम चौदाव्या प्रकरणात, भाद्रपदातल्या उतरत्या उन्हात, दरीत पडून वारला.