उष्टे सागरगोटे

एका जंगलात, मुलांनो, खायला फळं होती, प्यायला ओढा होता आणि दुपारी पडायला सावली होती. त्यामुळे प्राण्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक मंडळ काढलं.

त्याचं नाव नेमबाज मंडळ. एका बाभळीला वाळलेला दुध्या भोपळा टांगलेला असे. सभासद लांब उभे राहून गलोलीने त्यावर सागरगोटे मारत. नेम लागला की भोपळ्यातल्या बिया खुळखुळत. ज्याने भोपळा एकदा तरी खुळखुळवला, तो सभेला आणि सामन्याला शेजारच्या वडाच्या वरच्या फांदीवर बसे. बाकीचे खाली मुळ्यांवर बसत. बोलायचा अधिकार सगळ्यांना होता. ऐकू मात्र वरचंच येई.

तुम्ही विचाराल, भोपळ्याने त्यांचं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. म्हणून तर तो खेळ. काही वाकडं केलं असतं तर ती लढाई झाली असती, आणि लढाईला यातलं कुणी गेलं नसतं.

मंडळाचे नियम दोन होते. पहिला म्हणजे, गलोलीत खडा घालायचा नाही. खडे गुराखी मारतात. सभ्य प्राणी सागरगोटा मारतो. तो गोल असतो, गुळगुळीत असतो, आणि मुख्य म्हणजे विकत घ्यावा लागतो.

दुसरा नियम असा, की एकदा मारलेला सागरगोटा उष्टा. तो पुन्हा उचलायचा नाही.

हा नियम संस्थापकांनी घातला. संस्थापक हे एक थोर अस्वल होते. त्यांचं पोटही थोर होतं, त्यामुळे त्यांना वाकता येत नसे. थोरांना जे जमत नाही ते शिष्टाचारात बसत नाही, हे तुम्हाला पुढे नोकरीत कळेलच. सध्या त्यांचे नातू दादासाहेब अस्वल मंडळाचे अध्यक्ष होते. पोट वंशपरंपरेने आलं होतं. अध्यक्षपदही.

बाभळीमागे उतार होता आणि उताराखाली एक कोरडी ओघळ. चुकलेले सागरगोटे घरंगळत त्या ओघळीत जात. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नसे.

सागरगोटे पुरवायचा साळोबा साळिंदर. सागरगोट्याची वेल काटेरी, तिच्या शेंगाही काटेरी. त्या जाळीत शिरायचं तर शिरणाऱ्याकडे स्वतःचे काटे हवेत. म्हणून हा धंदा साळोबाकडे. मूठभर करवंदं दिली की तो ओंजळभर सागरगोटे देई.

आता या मंडळात बाबलकाका नावाचे एक वानर होते. स्वभावाने गरीब, शेपटीने लांब. तरुणपणापासून ते दर रविवारी भोपळ्यावर सागरगोटे मारत आले होते आणि भोपळा दर रविवारी गप्प राहिला होता. सगळी हयात मुळ्यांवर बसण्यात गेली. त्यातच त्यांच्या डोळ्यांत पडदा उतरायला लागला. यंदा भोपळा धुरकट दिसत होता. पुढल्या वर्षी बाभूळच दिसली नसती. पळस फुलला की मंडळाचा वार्षिक सामना होई. बाबलकाकांच्या हातात हा शेवटचाच पळस होता.

"एकदा खुळखुळू दे," ते म्हणत. "मग डोळे गेले तरी चालतील. वरच्या फांदीवर तसंही डोळे मिटूनच बसतात."

आणि नेमकी त्याच वर्षी टंचाई आली.

झालं असं. एका सकाळी टिटवीबाई साळोबाच्या बिळावरून उडत गेल्या. बीळ बंद होतं. टिटवीबाई जंगलाला बातम्या देत. बीळ का बंद आहे हे विचारायला खाली उतरावं लागलं असतं, आणि खाली उतरलं की बातमीला उशीर होतो. त्या वरूनच ओरडल्या, "सागरगोटे संपले. सागरगोटे संपले."

दुपारपर्यंत कारणंही मिळाली. शेजारच्या जंगलात लढाई पेटली असून सगळे सागरगोटे तिकडे गेले, असं कोल्हा म्हणाला. शेजारी जंगल नव्हतंच, नदी होती. पण कोल्हा खात्रीने बोलत होता. ससा म्हणाला, वाघमहाराज सागरगोट्यांवर बंदी आणणार आहेत.

हे वाघमहाराजांच्या कानावर गेलं. त्यांना सागरगोटा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी दवंडी पिटवली, की बंदी आणण्याचा कोणताही विचार नाही.

मग मात्र सगळ्यांची खात्रीच पटली.

साळोबा परत आला तेव्हा बिळापुढे ओढ्यापर्यंत रांग लागली होती. मूठभर करवंदांना आता एकच सागरगोटा मिळू लागला. मग एका फणसाला एक. मग मधाच्या पोळ्याला एक, तोही ओळख असेल तर.

रांगेत आधी नेमबाजच होते. पुढे ज्यांनी गलोल कधी हातात धरली नव्हती, तेही येऊन उभे राहिले. कासवाने सागरगोटे घेतले.

"तुम्हाला हो कशाला?" कुणी तरी विचारलं.

"मारायला नाही," कासव म्हणालं. "असावेत घरात."

दादासाहेबांची गुहा सागरगोट्यांनी अशी भरली, की ते स्वतः बाहेर झोपू लागले. इंदूताई शेकरू मंडळाच्या चिटणीस होत्या. त्यांनी घरट्यात एवढे सागरगोटे साठवले, की फांदी वाकली आणि पिल्लांच्या अंगावर वळ उठले.

"आई, टोचतं," पिल्लं म्हणायची.

"टोचू दे," इंदूताई म्हणायच्या. "उद्या दुप्पट टोचेल, तेव्हा माझं नाव काढाल."

आणि मुलांनो, गंमत बघा. सागरगोटे घरोघरी झाले तसं मारणं बंद पडलं. रविवारी सभासद बाभळीखाली जमत आणि कुणाकडे किती आहेत ते एकमेकांना सांगत नसत. सांगत नसत म्हणजे थोडे कमी करून सांगत. भोपळ्यावर कोळ्याने जाळं विणलं.

बाबलकाकांकडे मधाचं पोळं नव्हतं. ते रिकामी गलोल घेऊन घरी बसले. त्यांच्या पत्नी पारूकाकू शेंगा सोलत होत्या.

"काय झालं तोंड पाडायला?"

"सराव नाही. सरावाशिवाय नेम कसा लागणार?"

"सराव होता तेव्हा तरी कुठे लागत होता?" पारूकाकूंनी एक शेंग त्यांच्याकडे फेकली. त्यांना ती झेलता आली नाही. "अहो, आजवर मारलेत ते सगळे गेले कुठे?"

"ओघळीत."

"मग आणा की उचलून."

"अगं, उष्टे ते."

"कुणी खाल्लेत?"

"खाल्ले नाहीत. मारलेत."

"भोपळ्याला तरी लागलेत का? मग उष्टे कशाने झाले?"

बाबलकाकांनी संस्थापकांची आठवण काढून कानाला हात लावला. पण रात्रभर त्यांच्या डोक्यात ते 'कशाने' फिरत राहिलं. उजाडताच ते इकडेतिकडे बघत ओघळीत उतरले.

ओघळीत साळोबा होता. तो पाचोळा उकरून सागरगोटे गोळा करत होता. शेजारी धुऊन वाळत घातलेल्यांचा ढीग होता.

दोघांनी एकमेकांना बघून मान वळवली. ओघळीत भेटलेल्याला कुणी ओळख दाखवत नाही. पण ओघळ अरुंद होती.

"काका, तुम्ही इकडे?" साळोबा म्हणाला.

"फिरायला आलो. आणि तू?"

"मी दुकानात आलोय." साळोबाने एक सागरगोटा पोटाला पुसला. "तुमच्यापासून काय लपवायचं? पहिल्या वर्षी मी खरोखर जाळीतून काढले. मग लक्षात आलं, की विकलेला सगळा माल इथेच परत येतो. तेव्हापासून इथूनच नेतो."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं उष्टेच मारतोय?"

"धुतलेले असतात, काका."

"मग ही टंचाई?"

"मी मेव्हणीच्या लग्नाला गेलो होतो. आलो तर दारात रांग. पहिलाच म्हणाला, काय हवं ते घे. मी घेतलं. त्याला नाही म्हणायला मी काय संत आहे?" साळोबा उसासून खाली बसला. "पण आता खरंच पंचाईत व्हायला लागलीय. तुम्ही मंडळी मारतच नाही, तर इथे येणार काय? वरचे वेचून संपले. पाचोळ्याखाली दादासाहेबांच्या आजोबांच्या वेळचे थर आहेत, पण तेवढं खणायला पाठ साथ देत नाही."

बाबलकाकांनी अंगरख्याच्या बाहीसारखी शेपूट गुंडाळली आणि खणायला घेतलं. दोघांनी मिळून बरेच काढले. साळोबाने त्यातले ओंजळभर काकांपुढे केले.

"घ्या. यांचं काही नको."

"फुकट कसे घेऊ?"

"काका, ज्याचा नेम लागतो त्याचा सागरगोटा भोपळ्याखालीच पडतो, तो मला सगळ्यांदेखत उचलता येत नाही. चुकणाऱ्याचा सरळ इथे येतो. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकावर माझा संसार उभा आहे."

बाबलकाकांना हे कौतुक वाटलं. ते रोज पहाटे ओघळीत जाऊ लागले. मारायचे, वाकायचे, उचलायचे, पुन्हा मारायचे.

पळस फुलला. सामना भरला. सभासद आपापले सागरगोटे पानांच्या द्रोणांत सजवून घेऊन आले. असं प्रदर्शन जंगलाने पूर्वी पाहिलं नव्हतं.

पहिला मान अध्यक्षांचा. दादासाहेबांनी सागरगोटा लावला, गलोल ताणली, एक डोळा मिटला. मग त्यांच्या मनात आलं, हाच उद्या मधाच्या दोन पोळ्यांना जाईल. त्यांनी गलोल सैल सोडली.

"आज वारा आहे," ते म्हणाले.

पान हलत नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इंदूताईंनी नेम धरला आणि त्यांचा खांदा दुखू लागला. कोल्ह्याला सूर्य डोळ्यावर येत होता. सूर्य त्याच्या पाठीमागे होता. एकामागून एक सभासद पुढे आले, नेम धरून परत गेले, आणि प्रत्येकाच्या संयमाची वाहवा झाली.

शेवटी बाबलकाका उठले. त्यांचा पहिला सागरगोटा ओघळीत गेला. लोक हळहळले. काकांसाठी नव्हे, सागरगोट्यासाठी. दुसराही गेला. तिसऱ्याला खालून कुणी तरी म्हणालं, "अहो, आवरा त्यांना. पोळ्यामागून पोळं चाललंय."

काकांनी आणखी एक लावला. धुरकट बाभूळ, धुरकट भोपळा. त्यांनी गलोल कानापर्यंत ताणली आणि सोडली.

भोपळा खुळखुळला.

कोळी घाईघाईने खाली उतरला. बाबलकाका मान तिरकी करून ऐकत राहिले. बिया थांबल्यावरही ते ऐकत होते.

"अभिनंदन," दादासाहेब म्हणाले. "या, वर या. पण काय हो, तुम्हाला सागरगोटे परवडले कसे?"

आता काकांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आनंदात माणूस खरं बोलून जातो. वानराचंही तसंच आहे.

"ओघळीतून उचलले," ते म्हणाले.

इंदूताईंनी पिल्लांचे कान झाकले.

"उष्ट्याने मारलात?" दादासाहेब ओरडले. "आजोबांच्या मंडळात? नेम रद्द."

तेव्हा कडेला बसलेला साळोबा काटे झटकत उठला. त्याचं काकांवर मन बसलं होतं. "मग दादासाहेब, तुम्हीही खाली उतरा. मी सगळ्यांना ओघळीतलेच विकत आलोय. वरच्या फांदीवर उष्ट्याशिवाय कुणीही चढलेलं नाही."

मग इंदूताईंनी वेगळीच शंका काढली.

"म्हणजे मारलेले पुन्हा उचलता येतात? मग टंचाई कसली? मग माझ्या घरट्यात आहेत त्यांचं काय?"

हे ऐकून मात्र सगळं मंडळ हादरलं. उष्टं एक वेळ पचलं असतं. स्वस्त कसं पचणार?

तातडीची सभा झाली. दोन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिल्यात असं ठरलं, की साळोबा वाकतो तो पोटासाठी, सबब त्याचे सागरगोटे शुद्ध. बाबलकाका वाकले ते हौसेसाठी, सबब त्यांचे उष्टे. भोपळा वाऱ्याने खुळखुळला. वारा होता, हे अध्यक्षांनी आधीच सांगितलेलं आहे. काकांना मंडळातून काढण्यात येत आहे.

दुसऱ्या ठरावाने ओघळ पवित्र ठरवून तिला काटेरी कुंपण घालण्यात आलं. काटे साळोबाने पुरवले. त्याचं मन काकांवरून उठून पुन्हा धंद्यावर बसलं होतं.

टिटवीबाई ओरडत गेल्या, "ओघळ बंद. सागरगोटे आणखी महागणार." जंगलाने सुटकेचा श्वास टाकला. त्या रात्री कासवालासुद्धा छान झोप लागली.

बाबलकाका घरी आले. पारूकाकू दारातच होत्या.

"लागला?"

"लागला."

"मग बसवलं वरच्या फांदीवर?"

"मंडळातून काढलं."

"म्हणजे आता रविवारी घरीच का?" पारूकाकूंनी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने त्यांनी परसातला एक वाळका भोपळा आणला आणि पेरूच्या झाडाला टांगला. अगदी जवळ. काकांना दिसेल एवढा.

काकांजवळ ओंजळीतले थोडे सागरगोटे उरले होते. तेवढेच त्यांना पुढे जन्मभर पुरले. पहिला नेम पारूकाकूंनी धरला आणि भोपळा खुळखुळला. त्या दिवसापासून दोघांत असं ठरलं, की जो चुकेल त्याने वाकून उचलून आणायचं.

बाबलकाकांची कंबर त्यामुळे शेवटपर्यंत चांगली राहिली.

तात्पर्य: मुलांनो, खाली पडलेली वस्तू कधीही वाकून उचलू नये. एकाने उचलली तर त्याला मंडळातून काढतात. सगळ्यांनी उचलली तर ती स्वस्त होते, आणि स्वस्त वस्तूवर जन्मभर घरी बसून मजा तेवढी करता येते, अध्यक्ष होता येत नाही.