वसंतदादांचे बांध

वसंतदादा मदतीला येत, पण आधी पाठ फिरवत. तुमच्या संगणकावर एकाच विंडोत दोन गिऱ्हाइकांची कामं उघडलेली दिसली, की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि कॅलेंडरला म्हणत, "पयले बांध घाल गो. मंग बोलू."

शहापूरच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस. डेअरी, शाळा, पतपेढी, जो येईल त्याला आम्ही सॉफ्टवेअर करून देतो. दादा आमच्यात सगळ्यात जुने. सापगावचे, घरची भातशेती, लग्न केलं नाही.

त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचं वर्कस्पेस वेगळं केलं होतं. म्हणजे त्या कामाच्या तेवढ्याच फायली एका जागी. उघडलं की काल सोडलं तिथूनच पुढे सुरू. प्रत्येकाला वेगळा रंग, आणि नावं चक्क घरच्या शेतांची. डेअरी म्हणजे 'माळ', शाळा 'ओढ्याकडचं'. पतपेढी 'घरामागचं', आणि ते माझ्याकडे. मालकांनी विचारलं, की दादा सांगत, "ओढ्याकडचं झालं, माळाचं रायलंय." नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, आपण चुकून भात लावणाऱ्यांकडे आलो.

हे वेड उगाच लागलं नव्हतं. पूर्वी दादाही सगळं एकत्रच उघडत. एकदा डेअरीच्या प्रोग्रॅमची एक ओळ त्यांनी शाळेच्या फायलीत टाकली आणि संध्याकाळी तमाम पालकांच्या मोबाइलवर शाळेच्या नावाने निरोप गेला, 'आपल्या म्हशीचे दूध पातळ आहे.' एक आई पोराला हाताला धरून जिना चढून आली. "माज्या पोराला म्हैस बोलता?" दादांनी तिला चहा पाजला आणि त्या दिवसापासून बांध घालायला घेतले. पुढे पुढे तर डब्यातली भाजीही भाताला शिवेना.

मी ऑफिसातूनच थेट बाळंतपणाला वाशिंदला माहेरी गेले, तेव्हा पतपेढीचं काम अर्ध्यावर होतं. महिने गेले. मालकांचा फोन आला, "येऊन बघा, जमतंय का. नाहीतर नवीन माणूस ठेवतो." सगळं विसरले असेन, काम माझ्याशिवाय पुढे गेलं असेल, ही नोकरी गेली तर घराजवळ दुसरी कुठली मिळणार? तरी जिना चढले.

खुर्चीत बसले आणि 'घरामागचं' उघडलं. त्याच फायली, त्याच क्रमाने. ऑफिसच्या सामायिक प्रोग्रॅममध्ये मधल्या काळात झालेले सगळे बदलही त्यात नीट घेतलेले. चालवून पाहिलं, तर एकाच जागी अडलं. कळा सुरू झाल्या म्हणून मी सोडून उठले होते, ती माझी ओळ अजून अर्धीच होती.

मी दादांकडे पाहिलं.

"पडीक ठेवलं तर रान माजतं," ते म्हणाले. "घरी जाऊन तरी काय करायचं? रोज निघताना एक फेरी मारायचो."

"मग ही ओळ का नाही पुरी केलीत?"

"तुजं शेत हाय ते. मालकाला पन सांगून ठेवलं, तिच्या बांधात कोनी पाय टाकायचा नाय."

माझे डोळे भरून आले. मी नसताना कुणी माझी जागा अशी राखत असेल, हे मनातही आलं नव्हतं. "दादा, तुमचे उपकार..." म्हणेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे.

मी दचकून स्क्रीन पाहिली. विंडोत एकच काम उघडं होतं.

"ओळ पुरी कर गो," ते कॅलेंडरला म्हणाले. आवाज बसला होता.

मी ओळ पुरी केली. दादा अजून वळले नव्हते.