दिवाणाचं नाक

ठणकावून सांगतो, आमच्या दिवाणासारखं नाक अख्ख्या वऱ्हाडात नाही! दिवाण म्हणजे माझं गावठी कुत्रं. नागपूरच्या गोऱ्या साहेबांची विलायती कुत्री आणा, हिवरखेडच्या रानात सोडा, मग बोला!

हेच मी सासऱ्यांना ऐकवलं. सासरे खुशालराव, अमरावतीत राजापेठेचे वकील. सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला, आखाडीला माहेरी नेलं ते परत पाठवायचं नाव नाही! का? तर जावई चार इयत्ता शिकला आणि वर्तमानपत्रात पत्रं छापून संपादकांशी भांडतो! भादव्यात ते लेकीला घेऊन आमच्याकडच्या डोंगरावर महादेवाला आले. मी दिवाणाला घेऊन त्यांना तिथंच गाठलं.

चढताना त्यांच्या नव्या वहाणा सारख्या चावत होत्या. दर्शन झालं, देवळाबाहेरच्या ढिगातून त्यांनी वहाणा पायात सरकवल्या आणि काय नवल, लोण्यासारख्या मऊ!

"महादेवाची कृपा!" सासरे गहिवरले.

उतरताना छातीइतक्या गवतात वाटच गडप झाली. पायथ्याशी आमची बैलगाडी उभी, आणि आम्ही गोल गोल फिरतोय!

"घ्या जवाईबापू, पुसा तुमच्या दिवाणाले!"

"त्यानं वाट काढली, तं सिंधूले धाडता का मामाजी?"

"उद्याच धाडतो! वकिलाचा शब्द हाये. चुकला, तं दिवाळीपावतर तिचं नाव काढाचं नाही!"

सिंधूनं पदराआडून माझ्याकडं पाहिलं. मी सासऱ्यांच्या पायातली वहाण ओढली, दिवाणाच्या नाकाशी धरली. "ह्या वहाणा आल्या कुठून, दाखव!"

दिवाणानं हुंगलं, शिंकला आणि निघाला. नाक भुईला असं चिकटलेलं, जसं पाकिटाला तिकीट! आम्ही वर्तमानपत्र वाचतो तसा तो दगडन्‌दगड वाचत होता. नाल्यात वास संपला तेव्हा पाण्यात उभा राहून विचारात पडला. काय चालतं हो त्या नाकात? आपल्याला रिकामी दिसणारी वाट त्याला माणसांनी भरलेली दिसत असेल? पलीकडच्या पळसाच्या मुळाशी त्याला हरवलेली ओळ सापडली आणि शेपूट पुन्हा निशाणासारखं उभं!

उतरलो. पण गाडी नाही! भलतंच खेडं! दिवाण थेट एका ओट्यावर चढून भुंकायला लागला. ओट्यावर नत्थुजी नावाचा गडी फोड आलेले पाय तेलानं चोळत बसलेला, शेजारी त्याची बायको तानुबाई.

"अवो, पाहा! तुमच्या वहाणा थ्या बुवाच्या पायात!" तानुबाई ओरडली.

"माह्याच हायेत! ह्या चावऱ्या मले कोनं चिकटवल्या?" नत्थुजीनं दुसरा जोड आपटला. तो सासऱ्यांचा!

आळी गोळा झाली. सासरे लाल! "कुत्रं चुकलं! गाडी कुठी हाये?"

आता मला उजेड पडला. कुत्रं चूक म्हणावं, तर सिंधू गेली. कुत्रं बरोबर म्हणावं, तर सासरे चोर! शहाणा जावई गप्प बसला असता. मी ओट्यावर चढलो!

"लोकहो, आमचं कुत्रं एकदम खरं हाये! चोर आमचे मामाजी हायेत!"

कुत्रं खरं ठरलं, आणि वकील शब्दाचा पक्का. दुसऱ्याच दिवशी सिंधू आली. बापाला भर आळीत चोर म्हटल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

"दिवाणा, त्याइले सांग, ताट वाढलं हाये."

दिवाण मला काही सांगत नाही. मी हात धुऊन येतो, तोवर ताट चाटून लख्ख!