चार नवरदेव आणि एक कोट

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या योगराजच्या फोटो स्टुडिओत कोट आला तो मुळात गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. आई धुरपदाबाईने मार्केटातून सूटिंगचा कटपीस आणून तो योगराजच्या मापाने शिवून घेतला होता, आणि त्याच्या लग्नापर्यंत पेटीत राहायचा होता. पण लग्न ठरेना. दोन ठिकाणांहून नकार आले. मिलमधला मुलगा असता तर चाललं असतं, पण दिवसभर लोकांना ‘हनुवटी खाली, डोळे वर’ सांगणं याला गावाकडे खानदेशात अजून कोणी नोकरी म्हणत नव्हतं.

त्यातच १९९६ च्या दिवाळीत फिल्मचे रोल विकणाऱ्या शेठने त्याला एक पातळ गुजराती पुस्तिका फुकट दिली. “वांचजो, धंधो वधशे,” शेठ म्हणाला; वाच, धंदा वाढेल. पुस्तिकेत स्टुडिओ वाढवण्याच्या बावीस सूचना होत्या. काचेतले नमुने दर महिन्याला बदला. गिऱ्हाइकाला नावाने हाक मारा. फोटो काढण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला, म्हणजे चेहरा सैल पडतो. या सगळ्या योगराजला पटल्या, पण सातवी त्याच्या काळजालाच भिडली: ‘गिऱ्हाईक जसं आहे तसं काढू नका, त्याला जसं व्हायचं आहे तसं काढा.’

पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये बारा तास उभं राहणाऱ्या पोरांना काय व्हायचं आहे, हे योगराजला वेगळं विचारावं लागलं नाही. त्यांना नवरदेव व्हायचं होतं. दर मोसमात ती स्थळांसाठी गावी पाठवायचे फोटो काढायला यायची, तीही मिलचा रंग नखांत घेऊन. योगराजने पेटीतून कोट काढला. एक बंद पडलेला टेलिफोन आणला. मागे बंगल्याचं चित्र असलेला पडदा लावला. पोरगा खुर्चीत बसायचा, रिसीव्हर कानाला लावायचा आणि बंगल्यासमोर बसून कोणाशी तरी महत्त्वाचं बोलायचा.

धंदा खरंच वाढला. भेस्तान, सचिन अशा आसपासच्या वस्त्यांतूनही पोरं यायला लागली. बारीक पोराला कोट ढगळ व्हायचा, तर योगराज पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. जाड्यांचं काम मात्र अवघड होतं. मिलमधल्या भटूने श्वास घेतला आणि कोटाची पाठीची शिवण टर्रकन गेली. योगराज क्षणभर हळहळला. मग त्याने कात्री घेतली, कोट पाठीत कॉलरपासून खालपर्यंत उभा चिरला आणि दोन्ही बाजूंना परकराच्या नाड्या लावून टाकल्या. आता तो कोट पांडेसऱ्यातल्या कुठल्याही माणसाला बसत होता. हे त्याने आईला सांगितलं नाही. फोटोत पाठ येतच नाही, मग उगाच सांगायचं कशाला?

माघात अमळनेरहून स्थळ म्हणून उज्ज्वला नावाच्या मुलीचा फोटो आला. हिरवी साडी, पदरावर मोर, आणि हसू दाबून धरलेला चेहरा. योगराजने तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. एखादा फोटो पाहताना उजेड कुठून पडला हे न बघण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

“आई, ही नही म्हणाली तर मी लगीनच करणार नही,” तो म्हणाला.

“मग तू बी कोट घाल आनि फोटू धाड,” धुरपदाबाई म्हणाली. “तुनाच तं शे.”

योगराजने कोट घातला, नाड्या बांधल्या, रिसीव्हर कानाला लावला आणि शेजारच्या गोपालकडून बटण दाबून घेतलं. फोटो अमळनेरला गेला.

पंधरा दिवसांनी, पत्र नाही काही नाही, उज्ज्वलाचे वडील विठ्ठलअप्पा आणि तिचा मामा धुडकू थेट स्टुडिओमागच्या खोलीत हजर झाले. अप्पांनी चहाला नको म्हटलं. स्थळ बघायला आलेला माणूस चहाला नको म्हणतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, हे धुरपदाबाईने ओळखलं. अप्पांनी खिशातून उज्ज्वलासाठी आलेले चार फोटो काढले आणि पत्ते मांडावे तसे सतरंजीवर मांडले.

पहिला भटू, दुसरा मिलमधलाच दगा नावाचा पोरगा, तिसरा गोपाल, चौथा योगराज.

“हाऊ म्हणे टाइमकीपर. हाऊ म्हणे सुपरवायझर,” अप्पा एकेका फोटोवर बोट ठेवत म्हणाले. “मी म्हनं, असतीन. पन चौघांना कोट एक, बंगला एक. चौघं एकच फोनवर कोणाशी बोली राहिनात?”

योगराज पुढे सरकला. त्याच्यासाठी हा नुसता कोट नव्हता, ती हिरवी साडी होती.

“अप्पा, कोट मनाच शे. देवाशप्पथ! त्यास्ले मी फक्त फोटोपुरता दिधा.”

“बठ्ठाच असं सांगतस,” अप्पा म्हणाले. सगळेच सांगतात, त्यात काय नवं?

धुरपदाबाईला राग आला. “माप लेईसन शिवेल शे मना पोर्‍याना! जा रे योगराज, घाली दखाड!”

“आई, राहू दे ना…”

“घाल म्हनं ना!”

योगराज स्टुडिओत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा दारातून पुढे न येता तिथेच उभा राहिला. कोट खांद्यावर चपखल बसला होता. बाही मनगटाशी बरोबर थांबली होती. अप्पांनी जावयाकडे बघतात तसं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

“बसस बुवा,” ते मामाला म्हणाले. “याले खरंच बसस.”

“आते तरी च्या घ्या,” धुरपदाबाई म्हणाली. “योगराज, पाहुनास्ले पानी दे.”

पाण्याचा माठ मागच्या कोपऱ्यात होता. योगराज तोंड पाहुण्यांकडे ठेवून उलटा चालत गेला, हात मागे करून चाचपत तांब्या बुडवला आणि अर्धं पाणी सांडत सरळ परत आला. पाणी देऊन तो पुन्हा उलटा चालत भिंतीला टेकला.

“हाऊ उलटा काबर चालस?” मामाने विचारलं.

“मोठ्यांना पाठ दाखवू नये,” योगराज म्हणाला.

अप्पांना हे फार आवडलं. अशी रीत आता कोणात राहिली आहे? पण मामाने लग्नं जुळवली होती तशी मोडलीही होती. तो उठला, योगराजच्या खांद्याला धरलं आणि त्याला हलकेच फिरवलं.

पाठीवर आतला शर्ट दिसत होता. त्यावर परकराच्या चार नाड्या, एकाखाली एक, फुलपाखराच्या गाठीने बांधलेल्या होत्या. पुस्तिकेच्या बावीस सूचनांमध्ये या प्रसंगाबद्दल एक अक्षरही नव्हतं.

“अरे देवा! मना कोट!” धुरपदाबाई म्हणाली, आणि ती इतक्या मनापासून कळवळली की कोट कोणाचा याबद्दल खरं तर तिथेच निकाल लागायला हवा होता. पण अप्पांनी चारही फोटो गोळा केले. “चाल धुडकू. पाच वाजानी गाडी शे.”

योगराज भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

धुरपदाबाईने डोळे पुसले. मग ती उठली, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून योगराजसाठी आलेले तीन फोटो काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवले. तिन्ही मुली अमळनेरच्या. तिन्ही मुलींच्या अंगावर हिरवी साडी, पदरावर तोच मोर. मधली उज्ज्वला होती.

“हाई माले महिनाभरपासून माहीत शे,” ती शांतपणे म्हणाली. “मी कोनले इचारं नही.”

अप्पांचा चेहरा लाल झाला. “साडी आम्हनीच शे! उज्जूना मामानी येवलाथून आणेल शे. पोर भोळी शे, मैत्रिनीस्ले फोटोपुरती देस. इचारा याले!”

“मीच आणेल शे,” मामा घाईघाईने म्हणाला. “आईनी आन!”

धुरपदाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“बठ्ठाच असं सांगतस, दादा,” ती म्हणाली.

मग अप्पा खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “च्यामा साखर कमी टाकज्यात, ताई.”

पाचची गाडी गेली. याद्या पुढच्या महिन्यात अमळनेरला झाल्या. कोणाचा मान किती, कोणाला काय, हे सगळं मामाने आपल्या अक्षरात लिहून काढलं आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीवर तो थोडा थांबला, योगराजकडे पाहिलं आणि वाचलं: “नवरदेवास कोट, नग एक. पाठीसह.”

आतल्या खोलीतून कोणीतरी इतका वेळ दाबून धरलेलं हसू बाहेर आलं. योगराजने ते लगेच ओळखलं.