गोविंद मास्तरांचा नेम

गोविंद मास्तर भेटले की आधी नमस्कार नाही, आधी पावलं मोजायचे. दोघांमधलं अंतर मनाजोगतं झालं की म्हणायचे, "हां, आता बोला."

बुधवारा पेठेत ते माझे शेजारी. एकाच शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. पहिल्या बाकावर पेंगणाऱ्याच्या नाकावर त्यांचा खडू अचूक बसे. मागच्या बाकासाठी फेकलेला एकदा दारात उभ्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या चहात पडला. साहेब भडकले. मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, अंतर वाढलं की नेम फाटतो. हात माझा, पुढचं सगळं हवेचं."

निजामाचं राज्य भारतात सामील झालं, त्या सुमारास ते अजिंठ्यापलीकडून इकडे आले होते. सोबत विधवा वहिनी. दोघं कमीच बोलत.

एक दिवस दूधवाला मला म्हणाला, "मास्टर रोज सांजच्याला तापीवर कुनाशी तरी बोलतेत जी. पन समोर आदमीच नसते!"

मी पाहायला गेलो. दिवस मावळत होता. वाळूत पुरुषभर उंचीची काठी, तिच्यावर पांढरं पागोटं. वाऱ्यानं ते वळायचं, कुणी मान वळवून बघावं तसं. भोवती वाळूत बांबूच्या कामट्या रोवलेल्या. काही काठीला खेटून, बाकीच्या दूरदूर पांगलेल्या. माणूस दिसेना. तेवढ्यात लांबून हाक आली, "दादा, हलू नको!"

आणि माझ्या कानाजवळून गोफणीचा दगड सूं करत गेला.

मास्तर धावत आले. दगड पडला तिथं त्यांनी आधी कामटी रोवली, मग मला विचारलं, "लागलं नाही ना?"

"हे काय चाललंय, मास्तर?"

"जवळून मारलेले दगड टोपलीत मावतात. मागे सरकलं की अंगणभर होतात. आणखी मागे, की शेतभर." त्यांनी हातातली गोफण गुंडाळली. "गावावर टोळी चालून आली तेव्हा आम्ही सगळे तटावरून गोफणी मारत होतो. दादा शेतातून गावाकडे पळत येत होता. अंधारत आलेलं. दगड डोक्यात बसला."

"तुमचा?"

"तेच काढतोय."

"पण एवढ्या लांबून नेम लागतच नाही, तुम्हीच म्हणता. मग तुमचा नसणार!"

"तिथून नेम कुणाचाच लागत नाही. दगड मात्र कुणाचाही लागतो." ते पागोट्याकडे बघत राहिले. "दरवेळी हिशेब इथंच येऊन थांबतो."

मागं पावलं वाजली. वहिनी होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. काठीवरचं पागोटं उतरवलं, त्यातली वाळू झटकली आणि मास्तरांच्या डोक्यावर नीट बसवलं.

"वारं सुटलंय, भाऊजी. डोकं झाका."

मास्तर मटकन वाळूत बसले आणि लेकरासारखे रडू लागले. वहिनी शेजारी बसल्या, अगदी खेटून.