बेअरिंग गेल्याचा आवाज

हौसाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दारातून दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्या वेळी ब्लडप्रेशर एकशे ऐंशी भरलं, दुसऱ्या वेळी एकशे ब्याऐंशी. आता तिसरी तारीख येत्या गुरुवारची होती, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "मावशी, गोळ्या वेळेवर घ्या, डोकं शांत ठेवा आणि एकशे चाळीसच्या आत या. नाही तर पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी काय उपयोग? महिन्यावर धाकट्या प्रितेशचं लग्न आलं होतं. साखरपुडा होऊन आठ महिने झाले, तरी होणारी सून हौसाबाईंना फक्त सेंटच्या वासावरून ओळखता येत होती. त्यातून हौसाबाई धवलारीण. पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांत, मांडवात बसून लग्नाचे धवले गाण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मागच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या आईच्या गालावर हात ठेवून तिचं कौतुक गायलं, आणि तो गाल केटररचा निघाला. बिचारा शेवटच्या ओळीपर्यंत हलला नाही.

"माज्या सोताच्या पोराच्या लग्नात मी अशी चाचपडनार नाय," त्यांनी थोरल्या सुनेला, दिपिकाला सांगितलं. "मना सुनेचा तोंड दिसला पायजे."

दिपिका दर रविवारी खारघरला योगाच्या क्लासला जायची. घाम न काढणारा, फक्त श्वासाचा योग. ती म्हणाली, "आई, टेन्शननेच तुमचं प्रेशर वाढतं. मी तुम्हाला भ्रामरी शिकवते. एकदम सॉफ्ट असतं. अंगठ्यांनी कान बंद, बोटं डोळ्यांवर. नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. हळू. आपल्यालाच ऐकू येईल एवढं."

"कान बंद करून मना काय ऐकू येल?"

"आतून येतं, आई."

"नि किती येला करायचा?"

"पाच वेळा. बास."

हौसाबाईंनी मान डोलावली. पण धवल्याची अख्खी ओळ एका श्वासात मांडवाच्या पार रस्त्यावर पोचवणाऱ्या बाईला पाच म्हणजे नुसती चूळ भरल्यासारखं वाटलं. त्यांनी मनातल्या मनात एकवीस ठरवले.

जागाही त्यांनीच शोधली. सकाळी सहाला थोरला हितेश द्रोणागिरीच्या गोदामात पहिल्या पाळीला गेलेला असे, दिपिका चालायला गेलेली, प्रितेश पांघरुणात. स्वयंपाकघरामागची कपड्यांच्या मशीनची ड्राय बाल्कनी तेवढी शांत. तिचं तोंड इमारतीच्या डक्टमध्ये, जिथून सगळ्या मजल्यांचे पाइप वर-खाली जातात. हौसाबाईंनी प्लास्टिकचं स्टूल टाकलं, मोठ्या पाइपाला पाठ टेकली आणि सोमवारी बरोबर सहाला पहिला भुंगा सोडला.

चौथ्या मजल्यावर खलीलभाई दात घासत होते. खलीलभाई सोसायटीचे सेक्रेटरी. कुवेतला तीस वर्षं पंपिंग स्टेशनवर काढलेली. नुसत्या आवाजावरून मशीनचा आजार ओळखतो, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची बायको फरिदा त्यात भर घालायची, "मशीनचं सगळं ऐकू येतं ह्यांना. बायकोचंच तेवढं येत नाय."

खलीलभाईंचा ब्रश तोंडातच थांबला. "फरिदा! ऐकलंस? बेअरिंग गेलं!"

"कोणाचं?"

"पंपाचं! या अल्ला, आता जळणार तो!"

तोंडातल्या फेसासकट ते चार मजले उतरले आणि वॉचमन धर्मराजकडून त्यांनी पंप बंद करवला. नेमके त्याच क्षणी हौसाबाईंचे एकवीस पूर्ण झाले. आवाज थांबला.

"बघितलंस?" खलीलभाई म्हणाले. याहून मोठा पुरावा कुठल्या इंजिनीअरला मिळणार?

दुपारपर्यंत पंप सुटा होऊन धर्मराजच्या खाटेवर पडला. मेकॅनिक बेअरिंग बोटावर फिरवून म्हणाला, "साहेब, हे तर चांगलं हाय." खलीलभाई म्हणाले, "चांगलं दिसतंय. दिसण्यावर जाऊ नकोस." नवं बेअरिंग बुधवारी मिळणार होतं. तोवर सोसायटीत टँकर आला आणि बादल्यांची रांग लागली.

पाण्याच्या धावपळीत हौसाबाईंचं डोकं फिरलं. संध्याकाळी दिपिकाने घरच्या मशीनवर प्रेशर बघितलं. एकशे सहासष्ट.

"आई, भ्रामरी करताय ना?"

"करतेय तं!" हौसाबाई म्हणाल्या, आणि मनात आकडा एक्कावन्नवर नेला.

मंगळवारी भुंगा अर्धा तास चालला. खलीलभाई जिन्यात उभे राहून ऐकत होते. पंप तर अजून खाटेवर होता. म्हणजे पंप नव्हेच! त्यांनी वर पाहिलं. वर लिफ्टची मोटर होती.

"लिफ्ट बंद करा! रोप तुटला तर जबाबदार कोण?"

लिफ्टला कुलूप लागलं. हौसाबाई सकाळच्या बाजाराला गेल्या होत्या. परत आल्या त्या बोंबलांची पिशवी घेऊन तीन मजले चढल्या. प्रत्येक जिन्यावर वर चढणारी एकेक बादली अंगावर सांडली. वर पोचल्यावर प्रेशर एकशे चौऱ्याहत्तर.

"यो योग मना लागू पडत नाय वाटतं," त्या घाबरून म्हणाल्या.

"सातत्य पाहिजे, आई," दिपिका म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक! हौसाबाईंनी आकडा एकशे आठवर नेला, आणि सहाऐवजी साडेपाचला बसायचं ठरवलं.

बुधवारी सकाळी सोसायटीचं डोकंच फिरलं. पाणी नाही, लिफ्ट नाही, आणि आवाज मात्र आहे. तोही कालच्यापेक्षा दमदार! लोक बादल्या घेऊन खलीलभाईंच्या दारात जमले.

"अहो सेक्रेटरी, आता बंद करायला काय उरलंय?" दुसऱ्या मजल्यावरचा दादू पाटील ओरडला. "आमाला पण बंद करता काय?"

खलीलभाईंनी शेवटचं हत्यार काढलं. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. ही कुवेतची विद्या. ते तळमजल्यापासून निघाले. एकेक पाइप तपासत, मागे बादल्यांची रांग घेऊन. पहिला मजला, मान नकारार्थी. दुसरा मजला, भुवया वर. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. "इथे! ह्याच घरात!"

बेल वाजवली. कोणी उघडेना. कसं उघडणार? हौसाबाईंचे अंगठे कानात होते, आणि प्रितेशला बेल वाजली की कूस बदलायची सवय होती. इतक्यात दिपिका चालून परत आली, दारातली गर्दी सारत पुढे घुसली. "आईंना काय झालं?"

"आई नाय, मशीन," खलीलभाई म्हणाले. "दरवाजा खोला."

सगळे ओट्यापाशी दाटले. खलीलभाई कान मुठीला लावून, डोळे मिटून ड्राय बाल्कनीत शिरले. आधी कपड्यांचं मशीन. नाही. मग पाइप. जवळ, जवळ! मग त्यांनी वाकून टोक प्लास्टिकच्या स्टुलाच्या पायाला लावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हेच. एकदम क्लिअर. बेअरिंग पूर्ण गेलेलं आहे."

"अहो," फरिदा म्हणाली, "डोळे उघडा. ती हौसावैनी हाय."

पाठीवर हात पडला तशा हौसाबाई दचकल्या, अंगठे काढले. समोर पंधरा-वीस धूसर आकृत्या, हातात बादल्या, कोणी बोलेना. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"कोन गेला गं?"

"बेअरिंग," धर्मराज सवयीने म्हणाला.

दादू पाटलाने तोंड उघडलं होतं भांडायलाच. पण दिपिकाने तेवढ्यात पट्टा बांधून प्रेशर बघितलं आणि आकडा मोठ्याने वाचला. एकशे अठ्ठ्याहत्तर. "उद्या ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "ह्या वेळी परत पाठवलं तर लग्नात..." पुढचं हौसाबाईंनी पदराने पुसलं. दादूने उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि बादली हळूच खाली ठेवली.

खलीलभाई स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवत म्हणाले, "वैनी, माफ करा. पण खुदा कसम, तीस सालात असा आवाज ऐकला नाय."

हौसाबाईंनी नाक ओढलं. "मंग... बरा होता का?"

"एकदम बॅलन्स्ड!"

त्या दिवशी दुपारी पंप जोडला गेला, लिफ्ट सुरू झाली. गुरुवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर कुणी कुकरची शिट्टीही होऊ दिली नाही. खलीलभाईंनी स्वतःची गाडी काढली. दवाखान्याच्या बाकावर हौसाबाईंनी भ्रामरी केली, ती मात्र पाचच वेळा आणि आपल्यालाच ऐकू येईल एवढी. मोठ्याने करायची भीती वाटली. हा माणूस शेजारीच बसलेला, दवाखान्याची लिफ्ट बंद करायचा!

नर्सने पट्टा सोडला. "एकशे अडतीस."

"म्हंजे?"

"म्हणजे चला आत, मावशी."

हौसाबाई आत गेल्या. बाहेर खलीलभाई इतक्या येरझाऱ्या घालत होते, की नर्सने तोच पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. एकशे चौऱ्याऐंशी. फरिदाने आकडा ऐकला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"आधी डॉक्टरला दाखवा. नि उद्यापासून तुमी पण भुंगा."

आठव्या दिवशी होणारी सून भेटायला आली. हौसाबाईंनी तिची हनुवटी धरली आणि इतका वेळ बघितलं, की पोरगी लाजून लाल झाली. "हिच्या डाव्या भुवईत तीळ हाय," त्या म्हणाल्या. "आठ मयने कोन बोल्ला नाय मना!" आणि तिला जवळ घेऊन त्यांनी तिथेच धवल्याची एक ओळ म्हटली. ह्या वेळी गाल बरोबर होता.

इकडे खलीलभाई रोज सहाला आपल्या ड्राय बाल्कनीत बसू लागले. त्यांचा भुंगा किरकोळ, पण सोसायटीला डक्टमधल्या गुणगुणीची सवय झाली. दादू पाटील म्हणायचा, त्याशिवाय चहा गोड लागत नाही.

मग एके दिवशी सहाला आवाज आला तो घुमतच आला. खोल, लांब, भरदार.

"आज खलीलभाईंचा काय सूर लागलाय!" दादू म्हणाला. दिपिकाने जिन्यात क्षणभर डोळे मिटले. पंपाच्या खोलीबाहेर धर्मराजने हात जोडले. फरिदाने चहात दोन वेलदोडे जास्त टाकले.

हौसाबाई तेवढ्या खिडकीत होत्या. डोळा नवा, त्यामुळे हल्ली त्या सकाळी बघतच बसायच्या. कावळा, गेट, गेटवरचा रंग. पंपाच्या खोलीकडे बघितलं आणि त्या ताडकन उठल्या.

"धर्मराज! धूर निगतंय!"

"धुकं हाय ते, आजी," धर्मराज हात जोडलेलेच ठेवून म्हणाला.

"मना सुनेच्या भुवईतला तीळ दिसतो, नि धूर दिसनार नाय? बंद कर त्यो पंप!"

हे त्या मांडवातल्या आवाजात म्हणाल्या. चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. धर्मराजने धावत जाऊन बटण दाबलं. गुणगुण थांबली, आणि जळक्या रबराचा वास सगळ्या डक्टभर चढला.

खलीलभाई सगळ्यांत शेवटी खाली आले. गर्दीतून वाट काढत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर गरम पंपाला टेकवला, मूठ कानाला लावली, आणि बराच वेळ ऐकलं. बंद पंपात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बेअरिंग," ते हळूच म्हणाले.

"अहो, मग एवढा वेळ तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?" दिपिकाने विचारलं.

खलीलभाईंनी दोन्ही अंगठ्यांकडे बघितलं.

"मी शांत बसलो होतो," ते म्हणाले.